हाळातल्या तीन होड्या

हिरालाल बिलिमोऱ्याहून आला तो पिशवीत
तीन होड्या घेऊन. वीतभर लांब, निंबाच्या लाकडाच्या.
चहाच्या आधी विचारतो,
हाळमा पानी शे ना वं ताई?

हाळ म्हशींचा. सकाळीच भरलेला.

त्यांच्या कारखान्यात एका नवरा-बायकोची नाव बांधायचीय,
शिडाची, आत संसार मांडून
वर्षभर हिंडायची, जमेल तितके समुद्र.
चूल कुठे, पाण्याची टाकी कुठे, सगळं ठरलं.
अडलंय ते पठाणावर.
पठाण म्हणजे तळाखालचा कणा, तो सांगतो,
आणि मला हसू आवरत नाही;
मला आठवतो सारंगखेड्याच्या यात्रेत
हिंग विकायला यायचा तो उंच माणूस.

पहिलीचा कणा नाळेपासून सुकाणूपर्यंत सलग,
वखराच्या पासेसारखा.
हिरालाल सुपाने वारा घालतो आणि ती निघते
नाकासमोर. वळ म्हटलं तर विचार करते,
बैलगाडीसारखा मोठा फेर घेते,
पण सुकाणू कण्याच्या आड, जाळंबिळं काही अडकत नाही.

दुसरीला मधोमध एकच पातं, खोल उतरलेलं,
टोकाला शिसं. (शिसं आमच्याच जुन्या जाळ्याचं,
मागच्या खेपेला न विचारता नेलेलं.)
ही बोट लावताच वळते,
वाऱ्याच्या अंगावर तिरकी चढत जाते.
खडकाला लागली तर मात्र
सगळा दणका चार बोल्टांवर.

तिसरीला दोन पाय,
दोन्ही कुशींना आखूड आखूड.
वाऱ्यावर चढताना आडवी सरकते, मागे पडते,
हिरालाल तिच्याबद्दल बोलतो
नापास झालेल्या पोराबद्दल बोलावं तसं.

आप्पा बाजेवरून बघत होते.
पूल होईपर्यंत त्यांनी तापीवर नाव चालवली,
वऱ्हाडं नेली, बोकड नेले, एकदा एक घोडा
जो अर्ध्या नदीत बसकण मारून राहिला.
ती नाव आता घरामागे पालथी आहे,
मी तिच्यावर गोवऱ्या थापते.
तिचा तळ माझ्या तळहाताला पाठ आहे:
दोन जागी डांबर, एक पत्र्याचं ठिगळ,
बाकी परातीसारखा सपाट.

पानी उतरनं म्हंजे? आप्पांनी विचारलं.
आप्पा, समुद्र शे तो. नदी नही.
पानी शे ना? मंग उतरस.
हिरालाल ओहोटीबद्दल काही सांगायला गेला
आणि मध्येच गप्प झाला.

तेवढ्यात चांदीने दावं तोडलं.
म्हैस ती, तहानलेली, तिला कुठला कण्यांचा अभ्यास;
तोंड घातलं आणि ओढत राहिली
घशाची वर-खाली होणारी गाठ दिसेपर्यंत.
पहिली होडी कलली, कुशीवर निजली.
दुसरी पात्यावर क्षणभर थरथरली
आणि तोंडघशी पडली, शीड शेवाळात.
तिसरी उतरली दोन पायांवर, आणि उभी.
तिच्या खताच्या गोणीच्या शिडावर
पन्नास किलो असं लिहिलेलं नीट वाचता येत होतं.

रात्री शेवभाजीवर वाद चालूच.
हिरालाल म्हणाला, उभं राहणं ठीक आहे,
पण वर्षात किती वेळा उभं राहायचं, आणि चालायचं किती?
हेही खरंच होतं. मी भाकरी वाढली.

जाताना त्याने दोन नेल्या.
तिसरी माझ्या कोनाड्यात आहे, काडेपेटीशेजारी.

पंधरा दिवसांनी फोन आला. पातंवाली ठरली.
त्यांना वेग पाहिजे म्हणाले.
मी आप्पांच्या कानात ओरडून सांगितलं.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, त्यास्नं वय कितलं शे?
मी फोनमध्ये विचारलं.
साठीच्या पुढचे, दोघंही.
आप्पा एवढे हसले की
त्यांना पाणी द्यावं लागलं.